२००८ ची पोर्शे ९११ की २०१३ ची? दोन जुन्या गाड्यांतून एक निवडताना

९११ घ्यायची हे ठरलंय, नवीन घेण्याइतका खिसा सैल सोडायचा नाही, आणि समोर दोन गाड्या आहेत. एक २००८ ची करेरा एस, दुसरी २०१३ ची करेरा एस. दोन्ही दिसायला झकास, दोन्हींचं रनिंग कमी, आणि २००८ ची बरीच स्वस्त. ब्रोकर सांगतो, "साहेब, पाच वर्षांचाच फरक आहे, बाकी गाडी तीच."

गाडी ती नाही. ९११ चा आकार साठ वर्षांत फारसा बदललेला नसल्यामुळे दोन पिढ्या शेजारी उभ्या केल्या तर नवख्या माणसाला भाऊभाऊच वाटतात. प्रत्यक्षात पहिली ९९७ पिढीची आणि दुसरी ९९१ पिढीची, आणि दोघींचं इंजिन, स्टिअरिंग, गिअरबॉक्स, पत्रा, सगळं निराळं. म्हणून "किती वर्षं जुनी" या प्रश्नाला मी दुसरा नंबर देतो. पहिला प्रश्न असा, की या गाडीत होऊ शकणारा सर्वात महागडा बिघाड कोणता, आणि तो झालेला नाही हे पैसे देण्याआधी बघता येतं का?

घरी बसून करायचं काम

९९७ ही २००४ मध्ये आली. करेरा एसमध्ये ३.८ लिटरचं इंजिन, ३५५ अश्वशक्ती. २००८ च्या मध्यावर तिची सुधारित आवृत्ती आली आणि तिच्यात इंजिनच नवं बसवलं. थेट इंधन फवारणी, एसमध्ये ३८५ अश्वशक्ती, आणि जुन्या पाच गिअरच्या टिपट्रॉनिक ऑटोमॅटिकऐवजी सात गिअरची, दोन क्लचची पीडीके ऑटोमॅटिक. त्यामुळे आरसीवर "२००८" असलं की गाडी दोन्हींपैकी कुठलीही निघू शकते, आणि या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे. ओळखायची सोपी खूण म्हणजे मागचे दिवे. सुधारित आवृत्तीचे मागचे दिवे एलईडीचे आहेत. पण दिवे बदलताही येतात, म्हणून चासी नंबरच बघा. सतरा अक्षरांतलं दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं. तिथे ८ असेल तर जुनं इंजिन, ९ असेल तर नवं. शिवाय ऑटोमॅटिक असेल आणि पीडीके असेल तर प्रश्नच मिटला.

९९१ आली २०११ मध्ये. करेरा एस अजूनही ३.८ लिटर, टर्बोशिवाय, ४०० अश्वशक्ती. चाकांमधलं अंतर १०० मिलिमीटरने वाढलं, स्टिअरिंग हायड्रॉलिकचं इलेक्ट्रिक झालं, बॉडीत ॲल्युमिनियमचा वाटा खूप वाढला. २०१५ नंतर करेराला ३ लिटरचं टर्बो इंजिन आलं, म्हणजे टर्बोशिवायच्या करेरा एसची ही शेवटची पिढी. म्हणूनही तिला मागणी असते.

आता आपली तुलना पक्की झाली. २००८ ची गाडी जुन्या इंजिनाची ९९७ आहे असं धरू, कारण पेच तिथेच आहे. ती नव्या इंजिनाची निघाली तर अर्धा लेख तुम्हाला सोडून देता येईल, आणि खरं सांगायचं तर बजेट मधलं असेल तर मी तीच शोधायला सांगेन.

कागद आधी, गाडी नंतर

गाडी बघितली की मन विरघळतं. म्हणून कागदांच्या प्रती व्हॉट्सॲपवर आल्याशिवाय गाडी बघायला जाऊ नका.

आरसीवर निर्मितीचा महिना-वर्ष, नोंदणीची तारीख, मालकाचा अनुक्रमांक, हायपोथिकेशन (कर्जासाठी गाडी बँकेकडे तारण असल्याची नोंद) आणि वैधता बघा. या श्रेणीच्या बऱ्याच गाड्या कंपनीच्या नावावर असतात. तसं असेल तर बोर्डाचा ठराव आणि जीएसटीचं बिल लागेल, तो खर्च कोण सोसणार हे आधीच बोलून घ्या. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव असेल तर ते नाव काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

गाडी परराज्यातली असेल, म्हणजे पुद्दुचेरी, दिल्ली, हरियाणा वगैरे, तर तिची किंमत मुद्दाम कमी दिसते. ती महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर कायद्याने इथला नंबर घ्यावा लागतो, फॉर्म २८ ची एनओसी आणावी लागते आणि इथला रोड टॅक्स घटलेल्या किमतीवर भरावा लागतो. आयात गाड्यांचा दर महाराष्ट्रात चढा आहे. आरटीओत किंवा विश्वासू एजंटाकडून आकडा काढून घ्या आणि तो विक्रेत्याच्या भावात मिळवा. बरेचदा "दिल्लीची स्वस्त गाडी" मुंबईच्या गाडीपेक्षा महाग पडते.

आयातीचे कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्री, मागाच. २०२१ मध्ये डीआरआयने, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालयाने, परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावे करमाफीत आलिशान गाड्या आणून त्या खासगी लोकांना विकणारं जाळं उघड केलं होतं. अशी गाडी तुमच्या दारात असताना जप्त होऊ शकते. पहिली मालकी वकिलातीची किंवा राजनैतिक अधिकाऱ्याची दिसली आणि सीमाशुल्क भरल्याचा कागद नसला, तर भाव कितीही चांगला असो, नमस्कार करून निघा.

मग वैधता. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर फिटनेस करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. २००८ ची गाडी २०२३ मध्ये संपून २०२८ पर्यंत वाढलेली असायला हवी. तशी नसेल तर तिचं नूतनीकरण विक्रेत्याने करून द्यायचं, तुम्ही नाही. गंमत अशी की २०१३ ची गाडीही २०२८ मध्येच नूतनीकरणाला येते. फरक फीमध्ये आहे. आयात चारचाकीला १५ वर्षांनंतर ४०,००० रुपये आणि, २०२५ च्या नियमानुसार, २० वर्षांनंतर ८०,००० रुपये. म्हणजे त्याच वर्षी एकीला चाळीस हजार, दुसरीला ऐंशी, शिवाय पर्यावरण कर. या किमतीच्या गाडीत ही रक्कम मोठी नाही, पण फिटनेसच्या वेळी इंजिनाचा चेक लाइट पेटलेला असेल तर अडचण येऊ शकते, आणि जुन्या गाडीत तो पेटायला निमित्त पुरतं.

शेवटी सर्व्हिस हिस्टरी. शिक्के मारलेलं पुस्तक पुरेसं नाही, बिलं आणि जॉब कार्डं मागा. त्यात बघायचं एवढंच. ऑइल वर्षातून एकदा बदललंय का, गाडी वर्षभरात दोन हजार किलोमीटर चालली असली तरी? ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी? कमी रनिंगच्या गाडीत नेमक्या याच गोष्टी राहून जातात, कारण मालक म्हणतो, "चाललीच कुठे गाडी?"

गाडी थंड असताना जा

विक्रेत्याला सांगून ठेवा, मी आल्याशिवाय चालू करू नका. बोनेटखाली हात लावण्याआधी मागच्या इंजिनाच्या झाकणावर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनाचा पहिला मिनिट जे सांगतो ते गरम इंजिन सांगत नाही.

चालू करताना कोणाला तरी मागे उभं करा. सुरुवातीला थोडा निळसर धूर आणि लगेच बंद, हे या आडव्या इंजिनांत चालतं, कारण ऑइल सिलिंडरमध्ये ओघळून बसतं. पांढऱ्या धुराचे लोट निघत राहिले तर ऑइल आणि वाफ वेगळी करणारा सेपरेटर गेलाय. तो भाग बदलता येतो, घाबरू नका, पण भावातून वळते करा.

मग पत्रा. चुंबक लावून पुट्टी शोधायची जुनी युक्ती ९९१ ला लागू नाही, कारण तिचे बरेचसे पत्रे ॲल्युमिनियमचे आहेत आणि चुंबक चिकटतच नाही. दोन्ही धातूंवर चालणारा पेंट मीटर आणा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनमध्ये असतो. एखाद्या दारावर ३०० दिसलं तर रंगकाम झालंय. ९०० दिसलं तर खाली पुट्टी आहे. ९९७ च्या बंपरवर दगडांचे टवके नसतील तर खुश होऊ नका, सतरा वर्षांत बंपर रंगवलेला असणारच. काळजी करायची ती खांब, छत आणि पुढच्या डिकीच्या आतल्या कडांची. ॲल्युमिनियमची बॉडी गल्लीतल्या डेंटरने ठोकून सरळ केली असेल तर ९९१ नाकारायला मला तेवढं कारण पुरतं.

पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांतल्या जाळ्यांत टॉर्च मारा. आत एसीचा कंडेन्सर आणि त्यामागे रेडिएटर असतो, आणि तिथे पानं, प्लास्टिक, चिखल साचून राहतो. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत हा ओला गाळ कंडेन्सर खाऊन टाकतो. दोन्ही पिढ्यांत सारखंच. "एसीत फक्त गॅस भरायचाय" असं कोणी म्हणालं की मी आधी इथेच बघतो.

पुढच्या डिकीत, काचेखालच्या पन्हाळीत पाणी वाहून जायची भोकं असतात. ९९७ ची बॅटरी तिथेच बसते. ती भोकं पानांनी बुजली की पावसाचं पाणी नको तिथे शिरतं. कार्पेट उचला, सीटच्या रुळांवरचा गंज बघा, सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून त्यावर चिखलाचा डाग आहे का बघा. पाण्यात गेलेल्या गाडीचा वास घालवता येतो, पण बेल्टचं शेवटचं टोक धुवायचं कोणाला सुचत नाही.

टायरवरचे चार आकडे वाचा. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. पोर्शेसाठी मंजूर केलेल्या टायरवर एन अक्षर आणि पुढे आकडा असतो. नक्षी नवी कोरी आणि तारीख आठ वर्षांपूर्वीची, हे उभ्या राहिलेल्या गाडीचं लक्षण. ते टायर बदलायचेच. ९९७ एसला १९ इंची चाकं, ९९१ एसला २० इंची, त्यामुळे चार टायरचा भाव वेगवेगळा येईल. दोन्हींचं कोटेशन घ्या.

ब्रेकचे कॅलिपर पिवळे असतील तर ते सिरॅमिक ब्रेक आहेत. दिसायला भारी, पण डिस्क बदलायची वेळ आली तर बिल ऐकून माणूस खाली बसतो. रोज रस्त्यावर चालवणाऱ्याला लाल कॅलिपरचे लोखंडी ब्रेक बरे.

२००८ च्या गाडीचा खरा निकाल: कॅमेरा

या जुन्या इंजिनाच्या दोन प्रसिद्ध दुखण्यांपैकी एकाची उगाच जास्त चर्चा होते. ते म्हणजे इंटरमीडिएट शाफ्टचं, म्हणजे कॅमशाफ्टांना फिरवणाऱ्या मधल्या दांड्याचं बेअरिंग. ९९७ च्या आधीच्या ९९६ पिढीत आणि पोर्शेच्याच जुन्या बॉक्स्टरमध्ये ते लहान होतं आणि फुटलं की इंजिनाचा सत्यानाश व्हायचा. ९९७ मध्ये सुरुवातीच्या काही गाड्यांनंतर मोठं बेअरिंग आलं आणि धोका खूपच कमी झाला. ते इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बदलताही येत नाही. म्हणून २००८ च्या गाडीत मी त्यावर रात्र जागवत नाही. ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचे कण नाहीत एवढं बघितलं की पुरे.

खरं दुखणं आहे सिलिंडरच्या भिंतीवर पडणाऱ्या ओरखड्यांचं. पिस्टनवरचा लेप झिजतो, पिस्टन सिलिंडरच्या अस्तराला घासतो आणि उभ्या चऱ्या पडतात. ३.८ लिटरच्या या इंजिनात हे जास्त दिसतं. थंडीत सुरू करून लगेच पिळणं हे एक कारण मानतात, पण ऑइल जुनं ठेवणं, छोट्या छोट्या फेऱ्या मारणं ही कारणं आपल्याकडेही भरपूर आहेत. एकदा हे झालं की दुरुस्ती म्हणजे इंजिन उतरवून नवे स्लीव्ह घालणं किंवा इंजिनच बदलणं. दोन गाड्यांच्या किमतीत जो फरक दिसत होता तो यात पुरता गडप होऊ शकतो.

लक्षणं अशी: गरम इंजिनातून येणारी टिकटिक, हजार-दीड हजार किलोमीटरमध्ये एक लिटर ऑइल लागणं, आणि दोन बाजूंच्या सायलेन्सरच्या नळ्यांपैकी एक दुसरीपेक्षा काळीकुट्ट. पांढरा रुमाल दोन्हींत फिरवून बघा. पण नळ्या पुसून ठेवता येतात आणि ऑइल आदल्या दिवशी भरता येतं. म्हणून लक्षणांवर थांबायचं नाही.

गाडी रॅम्पवर चढवायची, सहाही स्पार्क प्लग काढायचे (ते खाली बाजूला असतात, वरून दिसतही नाहीत) आणि भोकातून बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, आत घालायचा. मेकॅनिकला सांगून प्रत्येक पिस्टन हाताने खालच्या टोकापर्यंत फिरवून घ्या, कारण ओरखडे बहुधा सिलिंडरच्या खालच्या भागात पडतात आणि पिस्टन वर असेल तर झाकले जातात. शक्य असेल तर ऑइलची टाकी उतरवून खालूनही बघायला लावा. चारपासून सहापर्यंतच्या सिलिंडरांत हा त्रास जास्त दिसतो, तिथे घाई करू देऊ नका. बारीक तिरप्या रेघांची जाळी दिसली तर उत्तम, ती कारखान्याचीच. बोटाला खरखरेल अशी उभी काळी चरी दिसली तर व्यवहार तिथेच संपला. सहाही सिलिंडरांचे फोटो मोबाइलवर घ्या. पुढे तुम्ही गाडी विकाल तेव्हा हेच फोटो भाव मिळवून देतील.

यात मेकॅनिकचा अर्धा दिवस जातो, त्याचे पैसे तुम्ही द्या. कॅमेरा घालायला विक्रेता नाही म्हणाला तर कारण विचारत बसू नका.

स्कॅनर काय बोलतो

पोर्शेचा पिविस किंवा ड्युरामेट्रिक स्कॅनर असलेलं गॅरेज मुंबई-पुण्यात मिळतं. नुसते फॉल्ट कोड नकोत, इंजिन कंट्रोलरमधले दोन आकडे घ्या.

पहिला, इंजिन एकूण किती तास चाललं. मीटर २८,००० किलोमीटर दाखवतोय आणि तास १,४०० निघाले, तर सरासरी ताशी २० किलोमीटर. मुंबईतल्या गाडीला हे पटतं. तेच तास २,६०० निघाले तर सरासरी ११ च्याही खाली जाते. पश्चिम द्रुतगती मार्गावरही सरासरी इतकी खाली जाऊन चालणार नाही. एकतर मीटर मागे घेतलाय, किंवा गाडी तासन्‌तास एसी लावून उभी ठेवलीय. दोन्ही वाईटच.

दुसरा, ओव्हर-रेव्हची नोंद. इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरलं हे टप्प्याटप्प्याने साठवलेलं असतं. पहिले टप्पे भरलेले असतात, ते स्पोर्ट्स कारचं जगणंच. वरचे टप्पे भरले असतील, तर कोणीतरी मॅन्युअल गाडीत चुकीचा गिअर टाकलाय. ते किती तासांवर घडलं हेही कळतं. पाचशे तासांपूर्वी घडून गाडी नंतर नीट चालत असेल तर चालवून घेता येईल, परवाच घडलं असेल तर नाही. टिपट्रॉनिक आणि पीडीकेत हा धोका नगण्य.

२०१३ च्या गाडीत काय शोधायचं

इथे यादी छोटी आहे. इंजिनाची रचना नवी, इंटरमीडिएट शाफ्टची भानगडच नाही, आणि सिलिंडर घासण्याचं प्रमाण कितीतरी कमी. तरी वॉटर पंपाच्या आसपास वाळलेल्या गुलाबी कूलंटची पापडी आहे का बघा, हा पंप गळतो. व्हॅक्यूमवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह बिघडतात, तेही स्कॅनरवर दिसतं. पीडीके पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ट्रॅफिकमध्ये रांगताना धक्का देते का हे वीसेक मिनिटं चालवूनच कळेल, आणि गिअरबॉक्स हाच या गाडीचा महागडा भाग आहे, म्हणून मोकळ्या रस्त्यावर पळवून समाधान मानू नका.

चालवून बघताना

दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा. आठवड्याच्या अंतराने चालवलं तर दुसरीच आवडते.

आकड्यांत ९९१ पुढे आहे. शंभरला पोचायला मॅन्युअलमध्ये ४.५ सेकंद, ९९७ ला ४.८, आणि ९९७ टिपट्रॉनिकमध्ये असेल तर ५.३. पण आपल्या रस्त्यावर ही शर्यत कोण लावणार? फरक जाणवतो तो हातात. ९९७ चं स्टिअरिंग रस्त्याची प्रत्येक रेघ तळव्यापर्यंत आणतं, गाडी अंगाने छोटी वाटते. ९९१ ताम्हिणीच्या वळणांवर जास्त स्थिर, एक्स्प्रेसवेवर जास्त शांत, पण स्टिअरिंग थोडं अबोल. मला ९९७ जास्त आवडते. रोज ऑफिसला न्यायची असेल तर मात्र मी ९९१ च घ्यायला सांगतो.

स्पीड ब्रेकरवर दोन्ही घासतात. नाक वर उचलायची सोय करेराला पुढच्या आवृत्तीतच आली. म्हणून तुमच्या सोसायटीचा उतार आणि बेसमेंटचा रॅम्प यांवरून एकदा प्रत्यक्ष नेऊन बघा. यावरूनच गाडी परत दिल्याची उदाहरणं आहेत.

पेट्रोलचाही विचार करा. ही इंजिनं ९८ ऑक्टेनसाठी बनवलेली आहेत, आणि २००८ मध्ये तर २० टक्के इथेनॉलचा विचारही नव्हता. जुन्या गाडीचे रबरी होज आणि फ्युएल पंप कधी बदलले ते विचारा. घराजवळ १०० ऑक्टेनचा पंप आहे का, तेही पाहून ठेवा.

पाच वर्षांचा कागद

एका कागदावर दोन रकाने करा. वरती मागितलेली किंमत. त्याखाली पहिल्याच वर्षी करायच्या गोष्टी कोटेशनसह: टायर, बॅटरी, ऑइल, प्लग, ब्रेक फ्लुइड, कॅमेऱ्यात आणि स्कॅनरवर निघालेलं काम. मग नोंदणी, कर, विमा.

विम्यात एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) ठरलेल्या टक्केवारीने निघत नाही, कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. विक्रेत्याच्या पॉलिसीत ती ओढूनताणून कमी ठेवली असेल तर गाडी टोटल लॉस झाली की हातात काहीच येणार नाही. इतक्या जुन्या गाड्यांना झीरो डेप (घसारा न कापता भरपाई) सहसा मिळत नाही, म्हणजे प्रत्येक हेडलाइटचा घसारा तुमच्या खिशातून. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

शेवटचा आकडा राखीव निधीचा. ९९१ साठी मी गाडीच्या किमतीच्या दहा टक्के बाजूला ठेवायला सांगतो. जुन्या इंजिनाच्या ९९७ ला, कॅमेरा स्वच्छ निघाला तरी, वीस टक्के. कॅमेरा घातलेलाच नसेल तर पूर्ण इंजिनाच्या दुरुस्तीचं कोटेशन त्या रकान्यात लिहा आणि मग बेरीज करा. बऱ्याच वेळा "स्वस्त" गाडी याच ओळीवर महाग होते.

बेरजा जवळजवळ सारख्या आल्या तर ज्या गाडीची बिलं जाड आहेत ती घ्या, वर्ष कुठलंही असो.

टोकन देताना

टोकन रोख देऊ नका, आणि पावतीवर "बोअरस्कोप तपासणीत दोष निघाल्यास किंवा एनओसी न मिळाल्यास टोकन पूर्ण परत" हे वाक्य लिहून घ्या. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, विक्रेत्याच्या आधार-पॅनच्या प्रती घ्या, चासी नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा स्वतः घ्या. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ दोघांच्या सहीने लिहा, कारण त्याआधीची ई-चलानं त्याची आणि नंतरची तुमची. थर्ड पार्टी विमा आपोआप तुमच्याकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी पॉलिसी १४ दिवसांत नावावर करून घ्यावी लागते. आरटीओचं काम एजंटावर टाका हवं तर, विम्याचा फोन मात्र त्याच संध्याकाळी स्वतः करा.